‘आमचा’ म्हणजे कोणाचा?

११ फेब्रुवारी

विषय आले! आले कसले, ओतले. एम. ए. द्वितीय वर्षाच्या मुलांनी आज आपापल्या संशोधन-प्रकल्पांचे विषय माझ्या टेबलावर आणून ठेवले. ‘मोबाईलचे दुष्परिणाम : एक अभ्यास’. ‘स्त्रियांच्या समस्या : एक अभ्यास’. ‘भारतीय कुटुंब : काल, आज आणि उद्या’ — उद्याचाही अभ्यास, आणि तोही चाळीस पानांत! चाकूरहून येणाऱ्या एका चिरंजीवांनी कागदावर ‘मानव’ एवढेच लिहिले होते.

“कोणता मानव?” मी विचारले.

त्यांनी बराच विचार केला. “सगळाच, मॅडम.”

इतकी वर्षे समाजशास्त्र शिकवल्यानंतर मला आता संताप येत नाही. खडू उचलावासा वाटतो. उचलला. फळ्यावर ‘मोबाईल’ लिहिले आणि प्रत्येक प्रश्नासरशी शब्द वाढवत गेले. कोणाचा मोबाईल? कुठला? केव्हाचा? तास संपताना फळ्यावर प्रश्न उभा होता : ‘घरात एकच मोबाईल असेल, तर झोपताना तो कोणाच्या उशाशी असतो, आणि हे कोण ठरवते?’ मुले हसली. हसली म्हणजे कळले! विषय शेतासारखा पसरायचा नसतो, विहिरीसारखा खणायचा असतो — हे वाक्य मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी ते मला नव्याने आवडते.

विभागप्रमुख व्यंकटराव सर दारातून ऐकत होते. “मॅडम, कशाला उगं घसा कोरडा करता? मागल्या सालचे प्रकल्प कपाटात हायेत. नाव बदला, साल बदला, बाइंडिंग करा.” सरांच्या स्वतःच्या शोधनिबंधांची ख्याती मोठी आहे. प्रत्येकाचा निष्कर्ष एकच : ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे.’ जणू शासन सरांचे निबंध उशाशी घेऊनच झोपते!

१३ फेब्रुवारी

धम्मप्रिया. शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी. हदगावची, इथे लातुरात वसतिगृहात राहते. सगळ्यांचे विषय आले, हिचाच नव्हता. बोलावून घेतले. खरडपट्टीची वाक्येही मनात तयार होती.

“विषय न्हाई सापडला, मॅडम. एक शंका हाय फकस्त.”

“सांग.”

“आमच्या हदगावच्या स्टँडवर लातूरच्या क्लासचे तीन बोर्ड लागलेत. तिन्हीवर एकच पोरगं. एकावर निळा शर्ट, एकावर लाल, एकावर कोट-टाय. तिन्ही क्लासवाले ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून राहिले. मग त्ये पोरगं हाय तरी कोणाचं?”

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सगळ्या ‘एक अभ्यासां’च्या ढिगाऱ्यात हा एक प्रश्न! या शहरात डॉक्टर होण्याचे स्वप्न ठोक भावाने विकले जाते. चौकाचौकांत गुणवंतांचे चेहरे टांगलेले असतात. आणि त्यांच्याखालून रोज जाणाऱ्या आम्हा पदवीधरांना हा प्रश्न कधी पडू नये? तो हदगावच्या स्टँडवर एस. टी.ची वाट पाहणाऱ्या मुलीला पडावा?

“शंका नाही ही, विषय आहे,” मी म्हटले. “आणि तोही एका शब्दाचा. ‘आमचा’. हा शब्द कोण म्हणते, कोणत्या आधारावर म्हणते, तेवढेच तपासायचे. बाकी शिक्षणव्यवस्था वगैरे सगळे सोडून द्यायचे.”

तिने विचारले, “एका शब्दावर चाळीस पानं हुतेल का, मॅडम?”

होतील. चारशेही होतील!

१६ फेब्रुवारी

हे सगळे घरी जेवताना सांगितले. वीरेश भाताकडे पाहत म्हणाले, “क्लासवाल्यांच्या नादी कशाला लागायचं? ते आपल्याच दुकानातून रंग नेतात.” रंगाच्या दुकानदाराला जगात दोनच प्रकारची माणसे दिसतात — रंग नेणारी आणि अजून न नेलेली.

आमची शिवानी यंदा बारावीला आहे; ‘नीट’ देणार आहे. लातुरात राहून क्लास न लावलेली ती बहुधा एकटीच! सुरुवातीला शेजारीपाजारी ऐकून घाबरले होते. मी नाही घाबरले. पहाटे ती अभ्यासिकेत जाऊन बसते आणि संध्याकाळी आमचा तास असतो. स्वयंपाकघराच्या दारामागे मी फळा लावून घेतला आहे. जीवशास्त्र माझा विषय नव्हे, पण पद्धत माझी आहे. आणि पद्धत हाती असली की विषय आपण होऊन शरण येतो. आज मूत्रपिंड घेतले. चहा गाळता गाळता, गाळणी उंच धरून, रक्त कसे गाळले जाते ते सांगितले. मलाच इतके छान कळले! शिवानी म्हणाली, “किती सोपं करून सांगतेस गं आई.”

शिकवण्या म्हणे!

२० फेब्रुवारी

आज साधनांची पारख. माझा सर्वांत आवडता तास. कोणतेही विधान समोर आले की त्याला चार प्रश्न विचारायचे. कोण बोलतो आहे? त्याला हे कसे कळले? त्याच्याशी काही संबंध नसलेले दुसरे कोणी तेच सांगते का? आणि चौथा, सगळ्यांत उद्धट प्रश्न — हे खरे ठरल्याने त्याला काय मिळते?

“चौथा प्रश्न विचारताना कोणालाही सोडायचे नाही,” मी म्हटले. “वर्तमानपत्राला नाही, पुढाऱ्याला नाही, मलासुद्धा नाही.”

मुलांनी ‘मलासुद्धा नाही’ हेही वहीत उतरवून घेतले. काय म्हणावे या उतरवून घेण्याला!

२ मार्च

‘मानव’वाल्या चिरंजीवांचा विषय आता आकसून ‘चाकूरमधील न्हाव्याच्या दुकानातील चर्चा’ इतका झाला आहे. उत्तम झाला आहे! पण आज संदर्भसूची आणली. ‘१. गुगल. २. काका.’

काकांचे आडनावही दिलेले नाही.

९ मार्च

धम्मप्रियाला तिचे ‘पोरगं’ सापडले! तीन फलकांवरचा, तीन रंगांचा. नाव राजशेखर, गाव रेणापूर. आता वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे, सुटीत घरी आला होता. ती एकटी जाऊन त्याची मुलाखत घेऊन आली आणि आज रविवारी घरी येऊन मला ऐकवली. (दर रविवारी ती येते. शिवानी तिला पाणी देते, बसते, ऐकते. चांगला संस्कार होतो आहे.)

राजशेखरचे म्हणणे असे : क्लास त्याने एकच लावला होता. दुसऱ्याकडे सराव-परीक्षा तेवढ्या दिल्या. तिसऱ्याचे तर तोंडही पाहिले नव्हते. “निकालाच्या दिवशी ते घरीच आले, मॅडम. शाल, हार, नारळ घेऊन. सत्कार केले, पेढा भरवले, फोटो काढले. आता दारात आलेल्या माणसाला ‘शाल नको’ कसं म्हणायचं? माझ्या आईनं तर त्यांना जेवायलाच बसवलं.”

हे आहे तर! सत्कार! आपल्याकडे चोराला चोर म्हणता येते, पण शाल घेऊन आलेल्याला परत पाठवता येत नाही. उभे राहायचे, मान वाकवायची, हात जोडायचे आणि कॅमेऱ्याकडे पाहायचे. एक शाल, एक नारळ, एक फोटो — की मुलगा ‘आमचा’! मुलाची दोन वर्षे एकीकडे आणि पाच मिनिटांचा समारंभ दुसरीकडे. फलकावर दोघांची किंमत सारखी. मी धम्मप्रियाला म्हटले, “या एका शालीवर स्वतंत्र प्रकरण लिही.”

शिवानी दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, “आई, तू एखाद्या क्लासमध्ये शिकवायला हवी होतीस.” मी तिच्याकडे रोखून पाहिले. असले विनोद मला आवडत नाहीत.

२३ मार्च

धम्मप्रियाने आज एक कसोटी शोधून आणली, आणि मला ती सुचली नाही याचा क्षणभर राग आला. फलकांवरच्या उसन्या मुलांना क्लासचा टी-शर्ट संगणकावर चढवलेला असतो. धडे वेगळी, डोकी वेगळी. “कॉलर बघा, मॅडम,” ती म्हणाली. “चिकटवलेल्या पोरांची कॉलर सगळ्यांची एकसारखी, इस्त्री केल्यासारखी. खरं पोरगं असलं की कॉलर कुठं ना कुठं मुडपलेली असती. बॅगेच्या पट्ट्यानं, न्हाईतर घामानं.”

आम्ही दोघी टेबलावर फोटो पसरून बसलो. मुडपलेल्या कॉलरी मोजक्या निघाल्या. बाकी सगळे कडक इस्त्रीचे गुणवंत!

३ एप्रिल

एका विद्यार्थिनीचे प्रकरण वाचले. भाषा गुळगुळीत, एकही चूक नाही. तेव्हाच संशय आला. तळटीपेत एका ग्रंथाचा हवाला होता. ग्रंथालयात शोधला, सूचीत शोधला, नांदेडच्या विद्यापीठात फोन करून विचारले. असा लेखक नाही, असा ग्रंथ नाही. पृष्ठ क्रमांक मात्र दिलेला आहे!

विचारले तर म्हणाली, “मोबाईलनं सांगितलं, मॅडम. तो कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार?”

चौथा प्रश्न तिने विचारला होता तर! माझेच शस्त्र माझ्यावर उगारले. मग दुसऱ्या प्रश्नावर एक तास घेतला — ‘त्याला हे कसे कळले?’

८ एप्रिल

व्यंकटराव सरांनी केबिनमध्ये बोलावले. चहा मागवला, म्हणजे काहीतरी नको असलेले सांगायचे आहे.

“त्या हदगावच्या पोरीचा विषय बदलता येईल का?”

“का?”

“रेवणप्पा सर आमच्या गल्लीत राहतात. बायोलॉजीचा क्लास हाय त्यांचा. सकाळी दूध आणायला एकाच डेअरीत जावं लागतं, मॅडम!”

संशोधनावर आलेले इतके प्रामाणिक आक्षेप मी फार थोडे ऐकले आहेत. विषय बदलणार नाही, असे सांगितले. आणि रेवणप्पा सरांचे फलकही तपासात आहेतच. गुणवंत तेही टांगतात. “तुम्ही डेअरी बदला,” म्हटले. चहा तसाच ठेवून उठले.

१९ एप्रिल

शिवानी हल्ली संध्याकाळच्या तासाला पेंगते. पहाटे फार लवकर उठते बिचारी. तरी आज अनुवंशशास्त्र पूर्ण केले. वाटाण्यांची उदाहरणे प्रत्यक्ष वाटाणे घेऊन दिली. रात्री त्याचीच उसळ.

४ मे

शिवानीचा पेपर झाला. वीरेश दुकान बंद ठेवून दिवसभर केंद्राबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसले होते. चेहऱ्याचा सगळा रंग उडालेला — आणि म्हणे रंगाचे दुकान!

१४ जून

पाचशे अठ्ठ्याण्णव!!

सरकारी महाविद्यालय नक्की. पद्धत! पद्धत! पद्धत! स्वयंपाकघरातला फळा, चहाची गाळणी, वाटाणे! सगळी गल्ली घरात आली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, “कोणता क्लास?” आणि मी प्रत्येकाला, एकही शब्द न गाळता, तेच उत्तर दिले : “क्लास नाही. आमची शिवानी घरीच शिकली.” पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते!

शिवानी पेढ्यांचे ताट घेऊन आत-बाहेर करत होती. एवढी लाजाळू ती कधी झाली? वीरेश मला बाजूला घेऊन म्हणाले, “मंजू, पेढे वाटू. बाकी बोलणं राहू दे.” यांना आनंदसुद्धा उधारीवर हवा असतो.

१७ जून

आज औसा रोडवरून जाताना रिक्षा थांबवली. फलकावर शिवानी! ‘ज्ञानसूर्य’ नावाच्या कोणा क्लासचा निळा टी-शर्ट, कडक इस्त्रीची कॉलर, खाली मोठ्या अक्षरांत : ‘आमची शिवानी’. रिक्षावाला म्हणाला, “तुमची पोरगी हाय का? लई हुशार दिसते.” पुढे नांदेड नाक्यावर दुसरा फलक. तो रेवणप्पा सरांचा. तिथेही शिवानी, तिथेही ‘आमची’.

घरी आले ती तशीच गरजत. वीरेशनी कबूल केले : निकालाच्या दिवशी ‘ज्ञानसूर्य’वाले दुकानात आले होते. शाल-हार घेऊन. शाल यांनी घेतली!

“अहो, राजशेखरची सगळी गोष्ट याच घरात ऐकलीत ना तुम्ही?”

“दारात आलेल्या माणसाला काय म्हणायचं, मंजू?”

शाल कपाटात घडी करून ठेवलेली सापडली. लोकरीची, जूनमध्ये! रेवणप्पाचे काय, तेही शाल घेऊन आले होते का, म्हणून विचारले. “न्हाई, ते न्हाई आले,” म्हणाले आणि दुकानाची किल्ली शोधू लागले. शालीचीही गरज वाटली नाही! हा तर उघड दरोडा. दोघांनाही नोटीस पाठवते, म्हटले. शिवानी एवढेच म्हणाली, “आई, सोड ना.”

सोडत नाही. सोडायला मी काही शाल घेतलेली नाही.

१९ जून

धम्मप्रियाला महाविद्यालयात सांगितले : यंदाच्या निकालाचे दावेही तक्त्यात घ्यायचे. शिवानीवरचे दोन्ही दावे ‘खोटे’ म्हणून नोंदवायचे. आणि तिसरी नोंद — ‘विद्यार्थिनीने क्लासविना, घरी शिकून यश मिळवले’. सगळ्या खोट्या ‘आमच्यां’समोर एक खरे उदाहरण! प्रबंधाला यापेक्षा चांगला शेवट कोणता?

ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी. “मॅडम, शिवानीला न्हाई घेतलं तर? घरचं माणूस हाय तुमचं.”

“सत्याला घर-दार नसते.”

“पडताळणी करावी लागल मग.”

“कर की! कोण नको म्हणते?”

ही मुलगी आयत्या वेळी भिते, याचे वाईट वाटले. रेवणप्पाच्या नावाला वसतिगृहापर्यंत वजन आहे की काय? मी स्पष्ट सांगितले : प्रकल्प ५ जुलैला नांदेडला विद्यापीठात जायचे आहेत. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर माझी सही लागते. ही नोंद नसेल तर सही नाही. आणि सही नसेल तर तिचे वर्ष गेले.

“हाव, मॅडम,” म्हणाली. हदगावचे ‘हाव’ होकाराचे असते की दुःखाचे, ते मला अजून ओळखता येत नाही.

२४ जून

पुरावा स्वतः गोळा करावा म्हणून नांदेड नाक्यावर गेले. रेवणप्पाच्या फलकाखाली उभी राहून फोटो काढला. मग मोठा करून पाहिला. सवयीने कॉलर पाहिली.

मुडपलेली आहे. डावीकडून. खांद्यावर बॅगेचा पट्टा आहे आणि पट्ट्याला निळ्या दोऱ्याचे टाके आहेत. ते टाके दिवाळीत मी घातले.

फोटो चोरून काढला असणार — अभ्यासिकेच्या वाटेवर. पण मग टी-शर्ट? चढवला असेल. कारागिरी सुधारली असेल. लोक कुठल्या थराला जातात!

तशीच त्यांच्या कार्यालयात शिरले. रेवणप्पा सर — पांढरे केस, कपाळावर भस्म — उठून उभे राहिले. “शरणु, मॅडम. बसा. चहा सांगू?”

“फलक उतरवा. माझ्या मुलीचा तुमच्याशी संबंध काय?”

वाद घालतील, कागद दाखवतील, अशी माझी तयारी होती. म्हणाले, “उतरवतो, मॅडम. आजच सांगतो पोरांना. फक्त एक करा — एकदा घरी विचारा.”

घरी विचारा! आरोपीने फिर्यादीला सांगावे की आधी स्वतःची झडती घे! उत्तर न देता बाहेर पडले.

विचारले नाही. विचारायचे आहे काय?

२८ जून

धम्मप्रियाचा अंतिम मसुदा हाती आला. भाषा नितळ, प्रकरणे नेमकी, शालीचे प्रकरण तर विद्यापीठाने छापावे असे. मग परिशिष्टातला तक्ता. विद्यार्थ्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. मीच तसे शिकवले होते. शेवटच्या तीन ओळी इथे उतरवून ठेवते :

‘क्र. १९ आमची विद्यार्थिनी. दावा करणारे : क्लास अ. निष्कर्ष : खोटा.’

‘क्र. १९ आमची विद्यार्थिनी. दावा करणारे : क्लास ब. निष्कर्ष : खरा, दोन साक्षी.’

‘क्र. १९ घरीच शिकली. दावा करणारे : आई. निष्कर्ष : पडताळणी होऊ शकली नाही.’

बोलावून घेतले. दार लावले.

“क्लास ब म्हणजे रेवणप्पा?”

“क्लास ब, मॅडम.”

“या दोन साक्षी कोणाच्या?”

“नाव सांगता न्हाई येणार. गोपनीय ठेवते म्हणून शब्द दिला हाय. तुम्हीच शिकवलं.”

“मी तुझी मार्गदर्शक आहे!”

“हाव, मॅडम.” तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. “पण दावा करणाऱ्या बी तुम्हीच हायेत.”

मसुदा तिच्याकडे सरकवला. सही केली नाही. ती मसुदा उचलून गेली.

२९ जून

संध्याकाळी, तासाच्या वेळी, फळ्यासमोर उभी राहून विचारले : “शिवानी, पहाटे तू कुठे जात होतीस?”

तिने वीरेशकडे पाहिले. वीरेशनी हातातला घास ताटात ठेवला.

“रेवणप्पा सरांकडं. अकरावीपासून,” ते म्हणाले. “अभ्यासिका त्यांच्याच वरच्या मजल्यावर हाय, म्हणून ते पण काही खोटं न्हवतं.”

“आणि मला?”

“तुला कसं सांगायचं? लातुरात क्लासशिवाय पोरगी शिकवून दाखवते, म्हणून तू सगळ्या गल्लीला सांगून बसलीस. मला तेव्हाच विचारायचं होतं, पोरीला विचारलंस का म्हणून. पण तू घरात विचारत न्हाईस, मंजू. सांगतेस.”

मी शिवानीला म्हटले, “मग मूत्रपिंड? अनुवंशशास्त्र? वाटाणे?”

“ते सगळं आधीच झालं होतं आई, क्लासमध्ये.” ती रडत होती. “पण तू गाळणी हातात घेऊन इतकी रंगून सांगत होतीस. इतकी खूश असायचीस तू. मला नाही म्हणवलं नाही.”

शाल घेऊन आलेल्याला परत पाठवता येत नाही.

साक्षी कोणाच्या, ते आता विचारावे लागले नाही. तरी तिने सांगितले. ती आणि पप्पा. “धम्मप्रियाताईनं आधीच ओळखलं होतं. फलकावरच्या बॅगवरून. म्हणाली, मी लिहिणार नाही, तू सांग आईला. मी म्हटलं, नको. मग तुम्ही तिला सही देणार नाही म्हणालात.”

‘तुम्ही’ म्हणाली. मला, शिवानी.

१ जुलै

नांदेड नाक्यावरून गेले. रेवणप्पा सरांचा फलक उतरवलेला आहे. नुसती लोखंडी चौकट उभी. ‘ज्ञानसूर्य’चा औसा रोडवर तसाच आहे, कडक इस्त्रीचा. शिवानीचा एकुलता एक खरा फलक मी उतरवून घेतला.

३ जुलै

विभागात व्यंकटराव सर म्हणाले, “त्या पोरीची सही राहिली म्हणं? बरं झालं, मॅडम. रेवणप्पांना पण बरं वाटेल.” हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.

धम्मप्रिया वर्गात शेवटच्या बाकावर. मान खाली. मसुदा तोच, एकही अक्षर बदललेले नाही.

४ जुलै

प्रमाणपत्रावर सही केली. दुरुस्ती एकच सुचवली : तक्त्याच्या शेवटच्या ओळीतले ‘पडताळणी होऊ शकली नाही’ खोडून तिथे ‘खोटा’ असे लिहावे.

“साक्ष कोणाची लावू, मॅडम?” धम्मप्रियाने विचारले.

“दावा करणारीचीच.”